रिपोर्टमधला ठळक आकडा

ठणठणीत माणसाच्या २० रक्तचाचण्या केल्या, तर त्या सगळ्या ‘नॉर्मल’ येण्याची शक्यता किती? शंभरात ३६. उरलेल्या ६४ जणांच्या रिपोर्टवर निदान एक आकडा ठळक छापलेला असतो किंवा त्याच्या शेजारी बाण असतो. पॅकेज ६० चाचण्यांचं असेल तर निष्कलंक रिपोर्ट घेऊन बाहेर पडणारे शंभरात पाचही भरत नाहीत. यात लॅबची काही चूक नाही. ‘नॉर्मल’ची चौकट आखताना निरोगी लोकांपैकी मधले ९५ टक्के आत घ्यायचे आणि दोन्ही कडांचे मिळून ५ टक्के बाहेर ठेवायचे, अशी रीत आहे. ०.९५ ला ०.९५ नेच गुणत गेलं की विसाव्या चाचणीपाशी ०.३६ उरतात. चाचण्या एकमेकींपासून अगदी सुट्या नसतात, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा थोडा मवाळ होतो, एवढंच.

हा हिशेब पोटाच्या दुखण्याला लावून पाहायचा आहे, आणि तोही पुणे जिल्ह्यातल्या मावळ तालुक्यात. २०११ च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या घरात होती. त्यात लोणावळा ५७ हजार आणि तळेगाव दाभाडे ५६ हजार. जळजळ, आंबट ढेकर, पोट फुगणं, जेवल्यावर छातीत भरून येणं या सगळ्याला घरोघरी ‘पित्त’ म्हणतात. त्यावर आधी मेडिकलमधून गोळी येते आणि गोळीनं भागलं नाही की रक्त तपासायची पाळी येते. खडकाळा, कार्ला, टाकवे यांसारख्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या रक्तचाचण्या होतात, कान्ह्याला सरकारी रुग्णालय आहे, तळेगावला मायमर वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. खासगी लॅबची यादी मात्र याहून खूप लांब असते. बी-१२, एच. पायलोरीची आयजीजी, गॅस्ट्रिन, पेप्सिनोजेन, सीए ७२-४ अशी नावं तिच्यात भेटतात. यातल्या बहुतेक चाचण्यांचे उंबरठे जपान, युरोप, अमेरिकेतल्या माणसांवर ठरले. मावळातल्या माणसाच्या रक्तातून तोच आकडा आला तरी त्याचा अर्थ तोच राहील, याची खात्री नाही.

सर्वांत ठसठशीत उदाहरण बी-१२ चं. हे जीवनसत्त्व अन्नातून येतं, पण ते शोषून घ्यायला जठरात तयार होणारं एक प्रथिन लागतं, त्याला इन्ट्रिन्सिक फॅक्टर म्हणतात. असं काहीतरी जठरात असतं हे बॉस्टनच्या विल्यम कॅसल यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस दाखवलं. त्यांची पद्धत ऐकूनच मळमळेल. निरोगी माणसानं मांस खायचं, तासाभरानं ते पोटातून परत बाहेर काढायचं आणि नळीनं रुग्णाला द्यायचं. नुसत्या मांसानं रुग्ण सुधारत नव्हते. निरोगी जठरातून फिरून आलेल्या मांसानं सुधारले. तेव्हापासून पाश्चात्त्य वैद्यकाच्या पुस्तकात एक वाट पक्की झाली: लाल पेशी नेहमीपेक्षा मोठ्या, बी-१२ कमी, तर जठराकडे बघा. शरीराची प्रतिकारशक्ती जठराच्याच पेशींवर उलटते, तो आजार तिथे शोधायचा. त्याला पर्निशियस अॅनिमिया म्हणतात.

आता हीच वाट मुंबईत आणि पुण्यात कुठे जाते ते पाहू.

१९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणगावातल्या गरोदर बायकांच्या रक्ताची दशा हुबेहूब पर्निशियस अॅनिमियासारखी दिसत होती, तशाच मोठ्या पेशी. त्या वेळी या दुखण्याचं नावही ‘गरोदरपणातला पर्निशियस अॅनिमिया’ असंच होतं. विल्स यांनी जठर सोडून ताटाकडे पाहिलं. यीस्टच्या अर्कानं, म्हणजे मार्माइट नावाच्या स्वस्त पदार्थानं, या बायका बऱ्या होतात असं त्यांनी १९३१ मध्ये छापलं. त्यात जे औषधी द्रव्य होतं त्याला आज आपण फोलेट म्हणतो. रक्तातली खूण जठराच्या आजाराची होती आणि कारण स्वयंपाकघरात होतं.

पुढे पाऊण शतकानं पुण्यात जवळपास तसंच घडलं. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं. पुण्याजवळच्या खेड्यांतले, शहरातल्या झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले, असे तीन थर त्यात होते. २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ६७ टक्क्यांचं बी-१२ उंबरठ्याखाली निघालं. मध्यमवर्गात तर ८१ टक्के. शाकाहाऱ्यांमध्ये बी-१२ कमी असण्याची शक्यता इतरांच्या ४.४ पट होती. या अभ्यासाचा उंबरठा लिटरला १५० पिकोमोल होता. आपल्या लॅबच्या भाषेत ते मिलिलिटरला साधारण २०० पिकोग्रॅम होतात. म्हणजे रिपोर्टवर जी रेघ छापलेली असते तीच.

दहातल्या सात जणांची जठरं बिघडली आहेत असं कोणी म्हणणार नाही. पण शंका उरतेच: आहारात कमी पडतं की खाल्लेलं अंगी लागत नाही? याचं उत्तर देणारा प्रयोगही पुणे जिल्ह्यातच झाला आणि मला तो मूळ अभ्यासापेक्षा जास्त आवडतो. ३०० निरोगी माणसांना वर्षभर रोज बी-१२ दिलं, तेही औषधाच्या नव्हे, अन्नाच्या मापात: काहींना २ मायक्रोग्रॅम, काहींना १०, आणि तुलनेसाठी काहींना त्यातलं काहीच नाही. बाजारात मिळणाऱ्या गोळ्यांत ५०० किंवा १५०० मायक्रोग्रॅम असतात, यावरून २ म्हणजे किती ते लक्षात येईल. इन्ट्रिन्सिक फॅक्टर नसेल तर तोंडावाटे घेतलेल्या बी-१२ पैकी जेमतेम एक टक्का आत जातं. २ मायक्रोग्रॅमचा एक टक्का म्हणजे काहीच नाही. तरीही बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणाऱ्या होमोसिस्टीनची पातळी २ मायक्रोग्रॅमवाल्यांमध्ये उतरली. अर्थात त्यांची जठरं आपलं काम करत होती.

त्यामुळे मावळातल्या शाकाहारी, माळकरी घरातल्या माणसाच्या रिपोर्टवर बी-१२ १६० आलं, तर पहिला प्रश्न ताटाचा: दूध-दही किती, अंडी-मासे आहेत का. दुसरा गोळ्यांचा. मधुमेहाची मेटफॉर्मिन बी-१२ खाली ओढते. रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची पित्ताची गोळी, म्हणजे ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोलची जात, दोन वर्षांहून जास्त घेतली तर कमतरतेचा धोका ६५ टक्क्यांनी वाढतो, असं अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात २०१३ साली दिसलं. जठराचा प्रश्न तिसरा. मात्र मटण-मासे नियमित खाणाऱ्या माणसाचं बी-१२ ९० आलं, जीभ गुळगुळीत आणि लाल झाली असेल, पायांना मुंग्या येत असतील, तर क्रम उलटा करायचा. तिथे इन्ट्रिन्सिक फॅक्टरविरुद्धच्या प्रतिपिंडांची चाचणी खरोखर कामाची आहे.

एच. पायलोरीचा हिशेब वेगळा आहे, कारण इथे खूण बहुधा खोटी नसते. ती फार सार्वत्रिक असते. पर्थमधल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ मध्ये हा जिवाणू जठरातून वाढवून दाखवला. मार्शल १९८४ मध्ये तो स्वतः प्याले आणि त्यांनी जठराला सूज आणून घेतली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. जगभरच्या अभ्यासांची बेरीज करणाऱ्या २०१७ च्या एका पाहणीनुसार भारतात सुमारे ६३ टक्के लोकांच्या जठरात हा जिवाणू आहे. लहानपणीच येतो आणि उपचार न केल्यास जन्मभर राहतो. त्यातल्या शंभरातल्या दहा ते वीस जणांना आयुष्यात कधीतरी अल्सर होतो, एकदोघांना कर्करोग. बाकीच्यांना त्याचा पत्ताही नसतो.

रक्तातली आयजीजी ही प्रतिपिंडांची चाचणी जिवाणू शोधत नाही, जिवाणूशी शरीराची गाठ पडली होती का एवढंच सांगते. अशा चाचण्यांची संवेदनशीलता सरासरी ८५ टक्के आणि विशिष्टता ७९ टक्के धरतात. एक हजार माणसं घ्या आणि त्यातली ६०० बाधित माना. चाचणी ५१० जणांना बरोबर पकडेल आणि ९० जणांना सोडून देईल. उरलेल्या ४०० निर्दोष माणसांपैकी ८४ जणांवर उगाच शिक्का बसेल. म्हणजे ‘पॉझिटिव्ह’ आलेल्यांपैकी ८६ टक्के खरे. चाचणी न करताच आपण ६० टक्के म्हणू शकत होतो. ‘निगेटिव्ह’ आलेल्या ४०६ जणांत ते ९० बाधित मिसळलेले आहेत, म्हणजे दर चार-पाच सुटकांमागे एक खोटी. आणि खरी पंचाईत उपचारानंतर होते. १४ दिवसांचा कोर्स घेतला, जिवाणू गेला, तरी प्रतिपिंडं महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं रक्तात राहतात. ‘अजून पॉझिटिव्ह आहे’ म्हणून दुसऱ्यांदा प्रतिजैविकं घेणारे लोक याच आकड्याचे बळी.

जिवाणू आत्ता आहे का हे विचारायचं असेल तर शौचाची अँटिजेन चाचणी किंवा श्वासाची युरिया चाचणी. दोन्हींची अचूकता ९० टक्क्यांच्या वर. अट अशी की पित्ताच्या त्या गोळ्या निदान दोन आठवडे आणि प्रतिजैविकं चार आठवडे बंद असली पाहिजेत, नाहीतर जिवाणू दबून बसतो आणि चाचणी फसते. नमुना देताना ‘उपाशी आहात ना?’ हा प्रश्न जवळपास सगळीकडे विचारतात. ‘पित्ताची गोळी शेवटची कधी घेतली?’ हा प्रश्न इथे त्याहून महत्त्वाचा आहे, त्याचं उत्तर आपणच सांगून टाकलेलं बरं.

गॅस्ट्रिनची गोष्ट तर याच गोळीभोवती फिरते. आम्ल कमी झालं की जठर गॅस्ट्रिन वाढवून ते आणखी मागतं. त्यामुळे महिनोन्‌महिने पॅन्टोप्राझोल घेणाऱ्या माणसाचं गॅस्ट्रिन नेहमीच्या दुप्पट-चौपट येणं हे औषध काम करत असल्याचं लक्षण आहे. शिवाय हा हार्मोन नाजूक. नळीतलं रक्त लवकर फिरवून, सीरम वेगळं करून गोठवावं लागतं. उन्हात मोटरसायकलच्या डिकीतून फिरलेल्या नमुन्यात तो झिजतो. एकीकडे गोळीनं चढलेला, दुसरीकडे प्रवासात उतरलेला, अशा आकड्याचं काय करायचं? ज्यांना वारंवार अल्सर होतात आणि बरोबर जुलाबही आहेत, अशा थोड्या रुग्णांसाठी ही चाचणी आहे. पॅकेजमध्ये तिचं काही काम नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

पेप्सिनोजेन मात्र खऱ्या अर्थानं हुशार चाचणी. जठराच्या अस्तरातून दोन प्रकारची पेप्सिनोजेनं रक्तात झिरपतात. पहिलं फक्त जठराच्या वरच्या-मधल्या भागातून येतं, दुसरं सगळ्या जठरातून. वर्षानुवर्षांच्या सुजेनं मधला भाग झिजला की पहिलं घटतं, दुसरं टिकून राहतं, आणि दोघांचं गुणोत्तर कोसळतं. जपानी उंबरठा असा: पहिलं मिलिलिटरला ७० नॅनोग्रॅम किंवा त्याहून कमी आणि गुणोत्तर ३ किंवा त्याहून कमी. असं झिजलेलं अस्तर कर्करोगाची पूर्वपीठिका असू शकतं, म्हणून जपानमध्ये ही चाचणी आणि एच. पायलोरीची प्रतिपिंडं एकत्र वापरून कोणाची एन्डोस्कोपी आधी करायची ते ठरवण्याची पद्धत निघाली.

तिथे ते परवडतं. २०२० च्या जागतिक अंदाजात जपानमध्ये जठराच्या कर्करोगाचे १ लाख ३८ हजार नवे रुग्ण होते, भारतात ६० हजार. लोकसंख्येनं भागलं तर जपानात लाखामागे ११०, आपल्याकडे साडेचारच्या आत. जपान म्हाताऱ्यांचा देश आहे, तिथे शोधही जास्त घेतात, तरी फरक उरतोच. गंमत अशी की जिवाणूची बाधा आपल्याकडे जपानपेक्षा कमी नाही, जास्तच आहे. हे कोडं अभ्यासकांना अजून पुरतं सुटलेलं नाही. देशातही चित्र एकसारखं नाही. मिझोराममध्ये हा कर्करोग फार आढळतो, महाराष्ट्र त्या रांगेत बसत नाही.

पेप्सिनोजेनची कर्करोगासाठीची संवेदनशीलता अनेक अभ्यासांच्या बेरजेत ७७ टक्के आणि विशिष्टता ७३ टक्के निघाली. आता चाळिशीपुढची एक लाख माणसं कल्पनेत उभी करा. त्यांच्यात जठराचा कर्करोग असलेली २० माणसं आहेत असं समजा. चाचणी त्यातल्या १५ जणांना पकडेल, छान. पण उरलेल्या ९९,९८० जणांपैकी २७ टक्क्यांना, म्हणजे जवळपास २७ हजार निरोगी माणसांनाही ती बोट दाखवेल. एक रुग्ण शोधायला साडेसतराशे एन्डोस्कोप्या. आजार दहापट असलेल्या ठिकाणी, म्हणजे लाखात २०० धरले, तर एका रुग्णामागे १७६. चाचणी तीच, नळी तीच, यंत्र तेच. गाव बदललं की तिची किंमत दहा पटींनी पडते. सरसकट तपासणीत मावळानं जपानची नक्कल करण्यात अर्थ नाही तो यामुळे. ज्याच्या आईवडिलांना किंवा भावंडांना जठराचा कर्करोग झाला आहे, त्याचं गणित निराळं, कारण त्याची सुरुवातच वरच्या पायरीवरून होते.

सीईए, सीए १९-९, सीए ७२-४ या ‘कॅन्सर मार्कर’ मंडळींबद्दल थोडक्यात. जठराचा कर्करोग झालेल्यांमध्येसुद्धा या चाचण्या अनुक्रमे शंभरातल्या सुमारे २१, २८ आणि ३० जणांतच वाढलेल्या दिसतात. पहिल्या टप्प्यात त्याहूनही कमी. विडी-सिगारेट ओढणाऱ्याचं सीईए आजाराशिवायही वर असतं. काही लोकांचा रक्तगटच असा असतो की त्यांच्या अंगात सीए १९-९ तयार होत नाही, मग कर्करोग कितीही वाढला तरी ती शून्याजवळच. निदान झाल्यावर उपचार लागू पडतोय का हे बघायला या कामाच्या आहेत. निरोगी माणसाला दिलासा द्यायला नाहीत. शंभरातल्या सत्तरांना सोडून देणाऱ्या चाचणीच्या ‘नॉर्मल’वर कोणी निर्धास्त झोपू नये.

लोणावळ्याला पोटाची मापं घेण्याची परंपरा जुनी आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये इथे कैवल्यधाम ही योगसंस्था काढली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं; उड्डियान आणि नौली करताना पोटात काय होतं हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक लावून तपासलं. आतलं जाणायचं तर आत बघावं लागतं, ही त्यांची धारणा होती. जठराबाबत आजही तेच खरं आहे. अल्सर, जखम, गाठ यांचं निदान एन्डोस्कोपीत होतं. रक्त फार तर ती कोणाची आधी करायची ते सुचवतं.

आणि ते सुचवण्यात सगळ्यांत कमी भाव खाणारी चाचणी सर्वांत पुढे आहे: जांभळ्या टोपणाच्या नळीतला साधा हिमोग्राम. जठरातून थेंबथेंब रक्त जात असेल तर माणसाला कळत नाही, पण लोह संपत जातं, हिमोग्लोबिन उतरतं, लाल पेशी लहान होतात. बी-१२ च्या कमतरतेत त्या मोठ्या होतात; दोन्ही एकदम असलं तर सरासरी मधेच अडकते आणि पेशी ‘नॉर्मल’ दिसतात, आपल्याकडे हे नेहमीचं. अशा वेळी लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन बघावं लागतं.

इथेही प्रश्न कोणाचं रक्त आहे हाच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय होता, त्याच वयाच्या पुरुषांत सुमारे २२ टक्के. पंचविशीतल्या बाईचं हिमोग्लोबिन १० आलं तर पाळी, बाळंतपणं, जेवण ही कारणं आधी. पंचावन्न वर्षांच्या पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं १० आलं आणि फेरिटिन कमी निघालं, तर लोहाच्या गोळ्या देऊन मोकळं होता येत नाही. अशा लोकांची तपासणी केली तर तिघांतल्या एकाच्या मुळाशी काहीतरी आजार सापडतो, बहुतेक वेळा अन्नमार्गातच, असा ब्रिटिश पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेचा अनुभव आहे. भातलावणीत कंबर धरली म्हणून रोज दुखण्याची गोळी घेणाऱ्या, वर हृदयासाठी ॲस्पिरिनही चालू असलेल्या शेतकऱ्याच्या बाबतीत तर अल्सरची शंका पहिली यावी. जुने रिपोर्ट फेकू नयेत ते याचसाठी. १५.२, १४.१, १३.२ असे तीन वर्षांचे तीन आकडे सुटे पाहिले तर तिन्ही पुरुषाच्या चौकटीत बसतात. ओळीनं मांडले की दोन ग्रॅम कुठे गेले हा प्रश्न विचारावा लागतो.

डांबरासारखी काळी, चिकट शौच, रक्ताची किंवा कॉफीच्या गाळासारखी उलटी, गिळताना अडकणं, काही न करता वजन उतरणं, यातलं काही असेल तर कुठल्याच पॅकेजची वाट बघू नये. थेट रुग्णालय गाठावं. घाम फुटून, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ जाऊन आलेलं ‘पित्त’ असेल तर पोटाची चाचणीच करू नये. तिथे शंका हृदयाची, म्हणून आधी ईसीजी आणि रक्तातलं ट्रोपोनिन, आणि पहिला ईसीजी चांगला आला तरी थोड्या वेळानं दुसरा.